पावडर एक्सआरडी: खलापासून रिटवेल्डपर्यंत, कुठे आणि का चुकतं

एक्सआरडीचा (क्ष-किरण विवर्तनाचा, म्हणजे पावडरीवरून येणाऱ्या क्ष-किरणांची तीव्रता कोनानुसार दाखवणारा) आलेख घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, "सर, हा मॅच का होत नाही?" म्हणजे डेटाबेसमधल्या ओळखीच्या आलेखाशी तो जुळत का नाही. मी विचारतो, पावडर कशी केली होती? उत्तर येतं, "नेहमीसारखी." होल्डर, म्हणजे नमुना धरणारी ताटली, कोणी भरला? "ऑपरेटरने." स्कॅन किती अंशांपासून सुरू केला? इथे शांतता. सॉफ्टवेअरवर दोन दिवस घालवलेले असतात, पण चूक त्याच्या कितीतरी आधी झालेली असते आणि ती सॉफ्टवेअरला दुरुस्त करता येत नाही.

खाली क्रम दिला आहे. उदाहरणं दोन ठिकाणांहून घेतली आहेत: दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारी झिओलाइटं (रचनेतल्या पोकळ्यांत पाणी धरणारी खनिजं, उदा. ह्यूलंडाइट, स्टिलबाइट) आणि आपल्या बहुतेक भौतिकशास्त्र विभागांत बनणारी फेराइट (लोहाची ऑक्साइड संयुगं), टायटनेट (टायटॅनियमची) यांसारखी सिरॅमिक पावडर.

टप्पा १. आधी प्रश्न ठरवा

"एक्सआरडी करून घ्यायचं आहे" हा प्रश्न नव्हे. नमुन्यात कोणती खनिजं आहेत, कोणतं किती टक्के आहे, युनिट सेलची (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सगळ्यात लहान विटेची) मापं किती, स्फटिककणांचा आकार किती, असे हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाची तयारी वेगळी. ओळख पटवायला अर्ध्या तासाचा स्कॅन पुरतो. टक्केवारीसाठी पावडर फार बारीक लागते. सेलच्या मापासाठी नमुन्यात सिलिकॉनसारखं प्रमाण द्रव्य मिसळावं लागतं. कणाच्या आकारासाठी त्याच यंत्रावर, त्याच स्लिट (किरणाची रुंदी ठरवणाऱ्या फटी) लावून घेतलेला प्रमाण द्रव्याचा आलेख हवा, म्हणजे लॅन्थॅनम हेक्झाबोराइड किंवा नीट स्फटिकीभूत सिलिकॉन.

हे ऑपरेटरला फॉर्मवर लिहून द्या. काहीच लिहिलं नाही तर बऱ्याच ठिकाणी सवयीने २० ते ८० अंश असा स्कॅन लागतो. फेराइटला तो चालून जाईल. ह्यूलंडाइटचं सगळ्यात ठळक पीक (आलेखातलं शिखर) टू-थीटा (आलेखाच्या आडव्या अक्षावरचा, किरण वळण्याचा कोन) ९.९ अंशांच्या आसपास असतं, स्टिलबाइटचं ९.७ च्या आसपास. २० पासून सुरू केलेल्या आलेखात ही दोन्ही नसतातच, आणि मग उरलेल्या मध्यम उंचीच्या पिकांवरून ओळख पटवायची कसरत सुरू होते.

टप्पा २. निवड आणि दळण

खनिज नमुना असेल तर भिंग आणि चिमटा घेऊन बसा. पोकळीतल्या स्फटिकांच्या बुडाशी हिरवट चिकणमातीचा थर असतो, कॅल्साइटचे दाणे चिकटलेले असतात. ते आधी वेगळे करा. कॅल्साइट आहे का हे बघायला आम्ल वापरायचं तर वेगळ्या तुकड्यावर. ह्यूलंडाइट, स्टिलबाइट यांना आम्ल खातं.

मग दळण. साधारण एक ग्रॅम माल घ्या. आधी तुकडे फोडा, मग अगेटच्या खलात घ्या आणि त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा इथेनॉल इतकं ओता की पावडर भिजून चिखलासारखी होईल. कोरडं घोटू नका: उष्णता वाढते, पावडर उडते आणि कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. दहा-पंधरा मिनिटं हलक्या हाताने घोटा, मध्ये मध्ये कडेची पावडर सुरीने खाली ओढा.

किती बारीक? ३२५ मेशच्या चाळणीतून, म्हणजे ४५ मायक्रॉनमधून, जाणारी पावडर ओळखीपुरती ठीक. पिकांच्या उंचीवर काहीही बेतणार असाल तर १० मायक्रॉनच्या खाली जायला हवं. बोटांत चोळल्यावर मैद्यासारखी लागली पाहिजे, रव्यासारखी नव्हे. कारण साधं आहे. पावडर डिफ्रॅक्शनचं सगळं गणित असं धरून चालतं की कण असंख्य आहेत आणि ते सगळ्या दिशांना तोंड करून पडले आहेत. २० घन मिलिमीटर पावडरीत ४० मायक्रॉनचे कण असतील तर ते साधारण सहा लाख भरतात, पण ठरावीक कोनाला ब्रॅगच्या अटीत बसणारे, म्हणजे त्या कोनाला किरण पाठवतील असे नेमके वळलेले, त्यातले जेमतेम डझनभर. डझनभर कणांच्या मतावर पिकाची उंची ठरणार असेल तर ती दर वेळी वेगळीच येणार. १० मायक्रॉनला हाच आकडा काही शेंवर जातो.

सावधान: चाळणीवर उरलेला भाग फेकू नका. मिश्र खडकात मऊ खनिजं आधी दळली जातात आणि क्वार्ट्झसारखं कडक खनिज वर राहतं. ते फेकलंत म्हणजे नमुन्याची टक्केवारीच बदललीत. उरलेलं पुन्हा खलात घाला, सगळं चाळणीखाली जाईपर्यंत.

उलट टोकाची चूक म्हणजे बॉल मिलमध्ये तासन्तास दळणं. तसं केल्यावर पीक रुंद होतात, रचना मोडते, काही खनिजं तर रूपच बदलतात. ॲरागोनाइट दळता दळता कॅल्साइट होऊ शकतं, जिप्समचं पाणी उडून अर्धजलयुक्त रूप तयार होतं. आणि तुम्हाला कणाचा आकारच मोजायचा असेल तर बनवलेली पावडर फक्त गुठळ्या फोडण्यापुरतीच घोटा. नाहीतर तुम्ही मोजाल तो तुमच्या मनगटाचा जोर.

झिओलाइटला ओव्हनची सवय लावू नका. "नमुना ११० अंशांना वाळवला" हे वाक्य प्रबंधात छान दिसतं, पण झिओलाइटच्या पोकळ्यांतलं पाणी हा त्याच्या रचनेचा भाग आहे. लॉमोंटाइट तर नुसत्या कोरड्या हवेतही पाणी सोडून भुसभुशीत होतं. अल्कोहोल हवेवर उडू द्या, पावडर प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या हवेत रात्रभर उघडी ठेवा आणि मग भरा.

टप्पा ३. होल्डर भरणं

सगळ्यात जास्त आलेख इथे बिघडतात, म्हणून इथे जरा थांबू.

ताटलीत पोहे घाला आणि वरून वाटीने दाबा. सगळे पोहे आडवे होतील, एकही उभा राहणार नाही. ह्यूलंडाइट, स्टिलबाइट, ॲपोफिलाइट, अभ्रक, चिकणमाती यांचे कण असेच चपटे असतात, कारण ही खनिजं एकाच प्रतलात सहज फुटतात. ह्यूलंडाइट आणि स्टिलबाइट (०१०) प्रतलात, ॲपोफिलाइट (००१) प्रतलात; कंसातले अंक म्हणजे प्रतलाची दिशा सांगणारे निर्देशांक. होल्डरमध्ये पावडर टाकून वरून काचपट्टीने घट्ट दाबली की सगळे कण आडवे झोपतात. मग ह्यूलंडाइटचं (०२०) पीक गगनाला भिडतं आणि बाकीची जमिनीवर. डेटाबेसमधल्या उंचींशी ते जुळत नाही. "मॅच होत नाही" त्यातलं बरंचसं हेच असतं.

उपाय खालच्या बाजूने भरण्याचा. होल्डरचं तोंड खडबडीत काचेवर किंवा बारीक सँडपेपरवर पालथं टेकवा, मागच्या बाजूने पावडर थोडी थोडी टाका, बेताने दाबा, मागचं झाकण लावा आणि उलटा. ज्या पृष्ठभागावर किरण पडणार त्याला पॉलिश मिळत नाही. बाजूने भरायचा होल्डर मिळाला तर त्याहून चांगलं. तोंडाकडूनच भरावं लागलं तर दाबू नका, घासू नका. जादा पावडर ब्लेडच्या धारेने उभी काप देत काढा.

तपासणी: तीच पावडर होल्डर रिकामा करून तीनदा भरा आणि तीनच ठळक पिकांचा छोटा स्कॅन घ्या. उंचींचं गुणोत्तर तिन्ही वेळा साधारण सारखं आलं तर भरणं एकसारखं झालं. एक पीक दर वेळी वेगळंच आलं तर कण झोपताहेत किंवा पावडर जाड आहे. तिन्ही वेळा सारखंच आडवं झोपलेलं असेल तर मात्र ही चाचणी ते सांगणार नाही. त्यासाठी डेटाबेसमधल्या उंचींकडे बघा आणि कोणत्या निर्देशांकांची पीक फुगली आहेत ते पाहा. (००ल) किंवा (०क०) अशी (ल, क म्हणजे कोणताही अंक) एकाच कुळातली फुगली असतील तर कारण हेच.

आता उंची. पावडरीचा पृष्ठभाग होल्डरच्या कडेशी अगदी सपाट हवा. गोनिओमीटरची (कोन मोजणाऱ्या यंत्रभागाची) त्रिज्या, म्हणजे नमुन्यापासून डिटेक्टरपर्यंतचं अंतर, १५० मिमी असेल आणि पृष्ठभाग फक्त ०.१ मिमी वर असेल, तर टू-थीटा २८ अंशांच्या आसपासचं पीक सुमारे ०.०७ अंशांनी पुढे सरकतं. ०.१ मिमी म्हणजे साध्या कागदाची जाडी. पृष्ठभाग वर आला की पीक मोठ्या कोनाकडे जातात आणि सेल लहान दिसतो. खाली गेला की उलट.

हे मी स्वतः भोगलं आहे. विद्यार्थी असताना फेराइटमध्ये डोपिंग (दुसरं मूलद्रव्य थोडं थोडं मिसळणं) वाढवत नेलं आणि सेल आकुंचन पावतो असा सुंदर आलेख काढला, मार्गदर्शकांना दाखवलाही. नंतर लक्षात आलं की शेवटच्या दोन नमुन्यांची पावडर भरपूर उरली होती म्हणून मी होल्डर जरा फुगवून भरले होते. डोपिंगचा परिणाम नव्हता, पावडरीचा ढीग होता. तेव्हापासून सेलची मापं हवी असतील तर मी नमुन्यात १० टक्के सिलिकॉन मिसळतो. तांब्याच्या क्ष-किरण नळीवर त्याची पीक २८.४४, ४७.३० आणि ५६.१२ अंशांना पडलीच पाहिजेत. नाही पडली, तर किती सरकली ते समोर दिसतं.

नमुना चिमूटभरच असेल तर साध्या काचपट्टीवर पसरू नका. काचेचा रुंद उंचवटा २० ते ३० अंशांत येतो आणि लोक तो "ॲमॉर्फस फेज" (स्फटिकरचना नसलेला भाग) म्हणून छापतात. विशिष्ट दिशेने कापलेली सिलिकॉनची शून्य-पार्श्वभूमी पट्टी मागा. तिच्यावर अल्कोहोलात कालवून थेंब टाकताना हे लक्षात ठेवा की चपटे कण थेंब वाळतानाही आडवेच बसतात.

टप्पा ४. यंत्राची मांडणी

नळी. बहुतेक ठिकाणी तांब्याची असते. तिच्या किरणांत जवळजवळच्या तरंगलांब्यांचे के-अल्फा-१ आणि के-अल्फा-२ असतात, शिवाय नको असलेला के-बीटा. के-अल्फा-१ ची तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम. लोह आणि कोबाल्ट या किरणांनी स्वतःच चमकू लागतात, त्यामुळे कोबाल्ट फेराइटच्या आलेखात पार्श्वभूमी इतकी वर येते की छोटी पीक बुडतात. लाल मातीचं, लॅटराइटचंही तेच. कोबाल्टची नळी असेल तर ती वापरा. नसेल तर डिटेक्टरच्या बाजूला ग्रॅफाइट मोनोक्रोमेटर (हवी तीच तरंगलांबी पुढे सोडणारा स्फटिक) आहे का, किंवा डिटेक्टरची ऊर्जामर्यादा आवळता येते का, हे ऑपरेटरला विचारा. निकेलचा फिल्टर के-बीटा अडवतो, ही चमक नव्हे.

स्लिट. लहान कोनाला किरण नमुन्यावर लांबलचक पसरतो. १५० मिमी त्रिज्या आणि १ अंशाचा स्लिट असेल तर टू-थीटा १० अंशांना पट्टा सुमारे ३० मिमी होतो. तुमच्या होल्डरचा खड्डा २० मिमी असेल तर उरलेला किरण धातूवर पडतो, आणि झिओलाइटची महत्त्वाची पीक नेमकी तिथेच कमी उंचीची येतात. अर्ध्या अंशाचा स्लिट लावा आणि वेळ वाढवा.

पायरी आणि वेळ. पिकाच्या अर्ध्या उंचीवरच्या रुंदीत निदान पाच बिंदू यायला हवेत. ०.१ अंश रुंदीला ०.०२ ची पायरी बरोबर. मोजणीतली अनिश्चितता ही संख्येच्या वर्गमुळाइतकी असते: १०० काउंट आले तर १० टक्के, १०,००० आले तर १ टक्का. मिश्रणातलं छोटं पीक शोधायचं असेल तर रात्रभराचा स्कॅन मागायला लाजू नका. फिरता होल्डर असेल तर चालू करायला सांगा.

टप्पा ५. सॉफ्टवेअर उघडण्याआधी नुसतं बघा

कच्ची फाइल घ्या. गुळगुळीत केलेला, पार्श्वभूमी वजा केलेला, के-अल्फा-२ काढलेला आलेख घेऊ नका. एकदा गुळगुळीत केलं की रुंदी बदलते आणि काउंटची आकडेवारी मरते.

मग नमुन्याच्या नसलेल्या रेषा ओळखा. ॲल्युमिनियमचा होल्डर असेल तर त्याची पीक ३८.५ आणि ४४.७ अंशांना. क्वार्ट्झचं २६.६४ चं पीक फार उंच असेल तर फिल्टरमधून निसटलेल्या के-बीटाची सावली २४.० ला दिसते.

एक बारकावा बेरियम टायटनेटवाल्यांसाठी. ४५ अंशांजवळचं पीक दुभंगलं म्हणजे रचना टेट्रागोनल (एका बाजूने ताणलेल्या घनासारखी), असं सगळे लिहितात. पण के-अल्फा-१ आणि के-अल्फा-२ मुळे कोणतंही पीक तिथे ०.१२ अंशांनी दुभंगतंच. फरक क्रमात आहे. के-अल्फाच्या जोडीत उंच पीक डावीकडे आणि निम्मं पीक उजवीकडे असतं. खऱ्या टेट्रागोनल बेरियम टायटनेटमध्ये लहान (००२) डावीकडे ४४.९ ला आणि साधारण दुप्पट (२००) उजवीकडे ४५.४ ला. डावीकडचं उंच आणि अंतर जेमतेम ०.१ असेल तर तुम्ही रचना नव्हे, नळी बघताय. आणि ४४.९ चं पीक मानण्याआधी ४४.७ चं ॲल्युमिनियम आठवा.

टप्पा ६. फेज ओळखणं

फेज म्हणजे नमुन्यातला एकेक वेगळा घटक. डेटाबेसमध्ये शोध घेताना नमुन्यात असू शकतील तेवढीच मूलद्रव्यं निवडा. आवर्तसारणी मोकळी सोडली की सॉफ्टवेअर इरिडियमची संयुगंही आनंदाने सुचवतं. डेटाबेस विकत घेतलेला नसेल तर क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस मोफत आहे. खनिजांसाठी अमेरिकन मिनरलॉजिस्टचा रचना-संग्रहही.

नियम एकच: आलेखातलं प्रत्येक पीक कशात तरी बसलं पाहिजे, आणि निवडलेल्या कार्डातली (डेटाबेसमधल्या नोंदीतली) प्रत्येक ठळक रेषा आलेखात असली पाहिजे. तीन रेषा जुळल्या म्हणून फेज मिळाली असं नसतं. (आणि "जेसीपीडीएस कार्ड" लिहिणं थांबवा. १९७८ पासून त्या संस्थेचं नाव आयसीडीडी आहे.)

काही जोड्या नुसत्या आलेखावरून सुटत नाहीत. ह्यूलंडाइट आणि क्लिनोप्टिलोलाइट यांचा सांगाडा एकच. सिलिकॉन-ॲल्युमिनियमचं गुणोत्तर ४ किंवा जास्त असेल तर क्लिनोप्टिलोलाइट. रसायन हाताशी नसेल तर पावडर ४५० अंश सेल्सिअसला रात्रभर तापवून पुन्हा स्कॅन करा: ह्यूलंडाइट कोसळतं, क्लिनोप्टिलोलाइट बहुतेक तग धरतं. मॅग्नेटाइट, मॅगहेमाइट आणि कोबाल्ट फेराइट हेही असेच, तिघांचे सेल ८.३५ ते ८.४० अँगस्ट्रॉमच्या दरम्यान. नॅनो पावडरीच्या रुंद पिकांवरून "मॅग्नेटाइट तयार झालं" असं ठासून सांगणं म्हणजे अंदाज. मॉसबॉवर (लोहाच्या अणूंची स्थिती सांगणारी मोजणी) किंवा रासायनिक विश्लेषण जोडा.

"अशुद्धीचं पीक दिसत नाही, म्हणून नमुना शुद्ध" हेही लिहू नका. एक-दोन टक्क्यांच्या खालची फेज साध्या स्कॅनमध्ये सहज लपते, ॲमॉर्फस तर त्याहून जास्त.

टप्पा ७. शेररचं सूत्र, तेही नीट

हे सूत्र पिकाच्या रुंदीवरून स्फटिककणाचा आकार काढतं: पीक जितकं रुंद, कण तितका लहान. कोबाल्ट फेराइटचं (३११) पीक ३५.५ अंशांना, अर्ध्या उंचीवर रुंदी ०.३० अंश. स्थिरांक ०.९ धरून आकार येतो सुमारे २८ नॅनोमीटर. रुंदी रेडियनमध्ये न बदलता तशीच घातली तर उत्तर येतं अर्धा नॅनोमीटर. फेराइटचा एक युनिट सेलच ०.८४ नॅनोमीटरचा आहे, म्हणजे स्फटिक स्वतःच्या विटेपेक्षा लहान! असा आकडा मी छापलेला पाहिला आहे.

पुढची चूक यंत्राची रुंदी वजा न करण्याची. समजा प्रमाण द्रव्याचं पीक त्याच कोनाला ०.१० अंश रुंद आहे. पीक गाउसियन (घंटेच्या आकाराचं) धरून वजा केलं तर आकार २९ ते ३०, लोरेंट्झियन (लांब शेपट्यांचं) धरलं तर जवळजवळ ४२ नॅनोमीटर. त्यामुळे "२७.८३ नॅनोमीटर" असं दोन दशांशांपर्यंत लिहिण्यात अर्थ नाही. कोणती वजाबाकी केली ते लिहा आणि आकडा पूर्णांकात द्या. ताणामुळेही पीक रुंद होतं, शिवाय हा स्फटिककणाचा आकार आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसणाऱ्या दाण्याचा नव्हे.

टप्पा ८. रिटवेल्ड: एका वेळी एक

रिटवेल्ड म्हणजे रचनेवरून गणिताने काढलेला पूर्ण आलेख मोजलेल्या आलेखाशी जुळवत नेणं. सॉफ्टवेअर जीसॅस-टू, फुलप्रॉफ, प्रोफेक्स, काहीही घ्या, सगळे मोफत आहेत. सगळी बटणं एकदम दाबली की फिट उधळतं. क्रम असा:

१. प्रमाणगुणक आणि पार्श्वभूमी. पार्श्वभूमीला गरजेपुरतेच गुणांक द्या, वीस दिले तर ती रुंद पिकांनाच गिळते.
२. शून्यदोष किंवा नमुन्याचं विस्थापन, दोन्हींपैकी एकच. पावडर नमुन्याला बहुधा विस्थापन.
३. सेलची मापं.
४. पिकाची रुंदी आणि आकार. यंत्राचे गुणांक प्रमाण द्रव्यावरून आधी मिळवून कायम ठेवा.
५. झोपलेल्या कणांची दुरुस्ती, फक्त दिशा माहीत असेल तर. ह्यूलंडाइटला (०१०), ॲपोफिलाइटला (००१).
६. अणूंच्या जागा, मग कंपनांचे गुणांक, अगदी शेवटी जागांची व्याप्ती (प्रत्येक जागा किती भरली आहे).

प्रत्येक पायरीनंतर फरकाची रेषा (मोजलेला वजा गणिती आलेख) मोठी करून बघा. एस आकाराची लाट दिसली तर पीक सरकलेलं आहे, म्हणजे विस्थापन किंवा सेल. मधोमध वर आणि दोन्ही कडांना खाली असं दिसलं तर रुंदी चुकली. आर-डब्ल्यूपी (फिट किती जुळलं ते सांगणारा आकडा) कमी आला म्हणून खूश होऊ नका. पार्श्वभूमी उंच असली की तो आपोआप छान दिसतो. कंपनाचा गुणांक ऋण आला तर थांबा आणि मागच्या टप्प्यांत जा. कारण बहुतेक होल्डरमध्ये सापडतं.

टप्पा ९. टक्केवारी

रिटवेल्डची बेरीज नेहमी १०० भरते, कारण ते फक्त स्फटिकी भाग मोजतं आणि तोच १०० धरतं. बेसाल्टमधली काच किंवा अर्धवट भाजलेल्या सिरॅमिकमधला ॲमॉर्फस भाग त्यात येतच नाही. तो हवा असेल तर वजन करून २० टक्के कोरंडम (स्फटिकी ॲल्युमिनियम ऑक्साइड) मिसळा. रिटवेल्डने कोरंडम २५ टक्के दाखवला, तर मिश्रणातला ८० टक्केच भाग स्फटिकी आहे. उरलेला २० टक्के ॲमॉर्फस, आणि तो सगळा तुमच्या ८० टक्के नमुन्यातला. म्हणजे मूळ नमुन्यात ॲमॉर्फस भाग २५ टक्के. वजन चार दशांशी तराजूवर करा आणि मिश्रण पुन्हा अल्कोहोलात घोटा, नुसतं चमच्याने ढवळू नका.

उरलेली पावडर फेकू नका. झाकणाच्या कुपीत ठेवा आणि कुपीवर नमुन्याचं नाव, दळल्याची तारीख, कशात आणि किती वेळ दळलं, होल्डर कोणत्या बाजूने भरला हे पेन्सिलने लिहून चिकटवा. बॉलपेनची शाई अल्कोहोलने पुसली जाते.